अमेरिकेतील मतदान, जनादेश आणि नवे अध्यक्षीय प्रशासन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीच्या आगेमागे वाचकांकडून येणारे प्रश्न साधारणपणे दोन प्रकारचे असतात. किती लोकांनी मतदान केले आणि त्यातून काय ठरले, हा पहिला प्रकार. निवडून आलेला अध्यक्ष आता नेमके काय करू शकेल, हा दुसरा. त्यांतील नेहमीचे प्रश्न येथे प्राथमिक माहितीपासून अपवादांपर्यंत अशा क्रमाने घेतले आहेत. पुनरुक्ती टाळण्यासाठी आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीला साधारण किती टक्के मतदान होते?

मतदानास पात्र असलेल्या नागरिकांपैकी २०१६ मध्ये सुमारे ६० टक्के, २०२० मध्ये ६६ टक्क्यांहून थोडे अधिक आणि २०२४ मध्ये सुमारे ६४ टक्के लोकांनी मतदान केले. २०२० चा आकडा १९०० नंतरचा सर्वांत मोठा होता. त्याच्या उलट १९९६ मध्ये जेमतेम निम्म्या पात्र नागरिकांनी मत दिले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास असे आणि १८७६ मध्ये ते त्याहूनही किंचित वर गेले होते. मात्र त्या काळी बहुतेक ठिकाणी स्त्रियांना मताधिकारच नव्हता. तो देशभर १९२० मध्ये मिळाला. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय नागरिकांचा १८७० मध्ये मिळालेला अधिकारही पुढे मतदान कर, साक्षरतेच्या परीक्षा आणि उघड दहशत यांनी जवळपास संपवण्यात आला, तो १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतरच खऱ्या अर्थाने परत आला. त्यामुळे जुने मोठे आकडे पाहून ‘पूर्वी लोक अधिक जागरूक होते’ असा निष्कर्ष काढणे योग्य नाही.

२. एकाच निवडणुकीची टक्केवारी प्रत्येक ठिकाणी वेगळी का दिलेली असते? खरी कोणती मानायची?

मते मोजण्यात फारसा फरक नसतो. फरक असतो तो भागाकाराच्या छेदात. छेदात अठरा वर्षांवरील सर्व रहिवासी धरले, तर त्यांत नागरिक नसलेले लोकही येतात आणि टक्केवारी खाली जाते. केवळ पात्र नागरिक धरले, तर ती वर जाते, आणि केवळ नोंदणी केलेले मतदार धरले, तर आणखी वर जाते. शिवाय अमेरिकेचा जनगणना विभाग निवडणुकीनंतर घरोघरी विचारणा करून स्वतंत्र अंदाज काढतो. त्याच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये सुमारे ६५ टक्के प्रौढ नागरिकांनी मतदान केले आणि सुमारे ७४ टक्के नागरिकांची नोंदणी झालेली होती. अशा पाहणीत मतदान न केलेले काही लोकही ‘केले’ असे सांगतात, हे लक्षात ठेवावे.

निवडणुकांची परस्परांशी तुलना करायची असल्यास पात्र नागरिकांचा छेद सर्वांत उपयोगी ठरतो, आणि या पानावरही तोच वापरला आहे. भारताच्या आकड्यांशी तुलना करताना मात्र विशेष सावध राहावे. आपला निवडणूक आयोग मतदार यादीत नाव असलेल्यांपैकी किती जणांनी मतदान केले, हे सांगतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ते प्रमाण ६६ टक्क्यांच्या जवळ होते, महाराष्ट्रात सुमारे ६१ टक्के. त्याच वर्षी नोव्हेंबरात झालेल्या महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीत ते ६६ टक्क्यांच्या घरात गेले. हे आकडे अमेरिकेच्या ६४ टक्क्यांशेजारी ठेवून कोण पुढे आणि कोण मागे हे ठरवणे चुकीचे आहे, कारण दोन्हींचा छेदच वेगळा आहे.

३. इतका संपन्न आणि शिकलेला देश असूनही तिकडे तीनांतला एक माणूस घरी का बसतो?

पहिले कारण नोंदणीचे. भारतात मतदार यादी तयार करणे आणि अद्ययावत ठेवणे ही मुख्यतः सरकारी यंत्रणेची जबाबदारी मानली जाते. अमेरिकेत ती परंपरेने नागरिकाची आहे. घर बदलले, राज्य बदलले की पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि अमेरिकन माणूस घर पुष्कळदा बदलतो. १९९३ च्या कायद्याने वाहन परवान्याच्या कार्यालयातच नोंदणीची सोय करण्यात आली. ऑरेगनने २०१५ मध्ये आपोआप नोंदणीचा कायदा केला आणि त्यानंतर अनेक राज्यांनी तो मार्ग धरला. नॉर्थ डकोटात तर नोंदणी नावाचा प्रकारच नाही.

दुसरे कारण मतदानाचा दिवस. नोव्हेंबरातील पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार हा दिवस १८४५ च्या कायद्याने ठरलेला आहे आणि त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी नसते. मुदतपूर्व आणि टपाली मतदानाने ही अडचण पुष्कळ कमी केली आहे, परंतु त्यांचे नियम राज्यागणिक बदलतात.

तिसरे कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. बहुतेक राज्यांत अध्यक्षपदाचा निकाल आधीच माहीत असतो. कॅलिफोर्नियातील रिपब्लिकन किंवा अलाबामातील डेमोक्रॅटिक मतदाराला आपल्या एका मताने काही बदलणार नाही, हे ठाऊक असते (प्रश्न ६ पाहावा). त्यातच पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेऱ्या, शाळा मंडळे, शेरीफ, कित्येक राज्यांत न्यायाधीशसुद्धा निवडून द्यायचे असल्याने त्याला सतत मतदान करावे लागते, आणि मतपत्रिका काही ठिकाणी अनेक पानांची असते. या सगळ्याला केवळ ‘उदासीनता’ म्हणणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे.

४. सर्व राज्यांत मतदान सारखेच होते का?

नाही. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन ही राज्ये वर्षानुवर्षे वरच्या टोकाला असतात आणि तेथे पात्र नागरिकांपैकी तीनचतुर्थांश किंवा त्याहून अधिक लोक मत देतात. हवाई आणि ओक्लाहोमा खालच्या टोकाला, पन्नाशीच्या आसपास असतात. मिनेसोटात मतदानाच्या दिवशीच केंद्रावर नोंदणी करण्याची सोय १९७० च्या दशकापासून आहे. २०२४ मध्ये देशाची एकूण टक्केवारी घसरली, तरी मिशिगन आणि विस्कॉन्सिन या चुरशीच्या राज्यांत मतदान वाढले, आणि घट प्रामुख्याने न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय यांसारख्या निकाल ठरल्यासारख्या राज्यांत दिसली.

५. मतदान वाढले की डेमोक्रॅटिक पक्षाचा फायदा होतो, हे खरे आहे का?

हा समज बराच काळ प्रचलित होता आणि त्याला आधारही होता, कारण तरुण, कमी उत्पन्नाचे आणि अल्पसंख्याक मतदार तुलनेने कमी संख्येने बाहेर पडतात आणि त्यांचा कल त्या पक्षाकडे असे. १८ ते २४ वयोगटात मतदान निम्म्याच्या आसपास आणि ६५ वर्षांवरील गटात सुमारे तीनचतुर्थांश, हे अंतर आजही आहे. बदलला आहे तो कल. २०२० मध्ये विक्रमी मतदान झाले तेव्हा जो बायडेन यांना ८.१ कोटी मते मिळाली, पण डोनाल्ड ट्रम्प यांचीही मते २०१६ च्या तुलनेत सुमारे १.१ कोटींनी वाढून ७.४ कोटींवर गेली. २०२४ नंतर प्यू संशोधन केंद्राने केलेल्या अभ्यासात मतदान न करणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांचा कल ट्रम्प यांच्याकडे आणि ४० टक्के लोकांचा कमला हॅरिस यांच्याकडे आढळला. म्हणजे सगळे पात्र नागरिक मतदानाला गेले असते, तरी देशव्यापी मतांतील अंतर फारसे बदलले नसते. उलट, नियमितपणे मतदान करणारा पदवीधर वर्ग आता डेमोक्रॅटिक पक्षाकडे अधिक झुकलेला असल्याने कमी मतदानाच्या निवडणुकांत त्या पक्षाला फायदा होतो, असेही चित्र अलीकडे दिसते.

६. देशभरात जास्त मते मिळवूनही उमेदवार हरतो, हे कसे?

अध्यक्षाची निवड ५३८ सदस्यांच्या निर्वाचक मंडळाकडून होते आणि विजयासाठी २७० मते लागतात. प्रत्येक राज्याला प्रतिनिधिगृह आणि सिनेट या संसदेच्या दोन सभागृहांतील त्याच्या जागांइतके निर्वाचक मिळतात. राजधानी वॉशिंग्टनला तीन मिळतात. मेन आणि नेब्रास्का यांचा अपवाद वगळता राज्यात पहिला आलेला उमेदवार त्या राज्याचे सगळे निर्वाचक घेऊन जातो. त्यामुळे एखाद्या राज्यात एका मताने जिंकणे आणि तीस लाखांनी जिंकणे यांत फरक उरत नाही. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २८ लाख मते अधिक पडली, तरी पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मिळून सुमारे ७८ हजार मतांनी त्या मागे राहिल्या आणि अध्यक्षपद गमावून बसल्या. २००० मध्ये अल गोर यांच्या बाबतीतही असेच घडले. तेथे फ्लोरिडातील अंतर अवघे ५३७ मतांचे होते.

ट्रम्प यांच्या २०२४ च्या विजयात मात्र दोन्ही हिशेब जुळले. त्यांना ७.७३ कोटी आणि हॅरिस यांना ७.५० कोटी मते मिळाली, निर्वाचक मंडळात ३१२ विरुद्ध २२६.

७. पात्र नागरिकांपैकी एकतृतीयांश लोकांनीही ज्याला मत दिले नाही, त्याला ‘जनादेश मिळाला’ असे म्हणता येते का?

हा प्रश्न आमच्याकडे प्रत्येक निवडणुकीनंतर येतो आणि हरलेल्या बाजूचे वाचक तो अधिक पाठवतात. हिशेब बरोबर आहे. २०२४ मध्ये सुमारे साडेचोवीस कोटी पात्र नागरिकांपैकी ट्रम्प यांना मत देणारे एकतृतीयांशापेक्षा किंचित कमी होते, आणि मतदान न करणारे सुमारे नऊ कोटी, म्हणजे दोन्ही उमेदवारांपैकी कोणाच्याही मतदारांपेक्षा अधिक होते. परंतु हाच हिशेब बायडेन, ओबामा, बुश यांना लावला तरी उत्तर फारसे वेगळे येत नाही. अब्राहम लिंकन १८६० मध्ये पडलेल्या मतांपैकी ४० टक्के मतेही न मिळवता अध्यक्ष झाले होते. कायद्याच्या दृष्टीने ४३ टक्के मते मिळवलेला आणि ६१ टक्के मते मिळवलेला अध्यक्ष यांचे अधिकार अगदी सारखे असतात.

जनादेश हा अध्यक्षाने केलेला राजकीय दावा असतो आणि तो टिकतो की नाही, हे काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, ठरते. लिंडन जॉन्सन यांनी १९६४ मध्ये ६१ टक्के मते मिळवली आणि त्यांच्यासोबत दोन्ही सभागृहांत प्रचंड बहुमत आले. ज्येष्ठ नागरिकांची आरोग्यविमा योजना आणि मताधिकार कायदा दोन्ही १९६५ या एकाच वर्षात मंजूर झाले. धाकट्या जॉर्ज बुश यांचे उदाहरण याच्या उलट आहे. २००४ मध्ये चांगले मतदान होऊन ते जवळपास ५१ टक्के मतांनी पुन्हा निवडून आले, आपण राजकीय भांडवल कमावले आहे आणि ते खर्च करणार आहोत, असे त्यांनी निकालानंतर दोन दिवसांतच जाहीर केले, आणि निवृत्तिवेतनाची सार्वजनिक योजना अंशतः खासगी खात्यांकडे वळवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. दोन्ही सभागृहे त्यांच्याच पक्षाकडे होती. तरीही तो प्रस्ताव मतदानापर्यंतसुद्धा पोहोचला नाही, कारण आपल्या मतदारसंघातील वृद्ध मतदारांचा रोष ओढवून घ्यायला त्यांच्याच पक्षाचे सदस्य तयार नव्हते. बिल क्लिंटन १९९२ मध्ये तिरंगी लढतीत ४३ टक्क्यांवर निवडून आले. त्यांचा पहिला अर्थसंकल्प सिनेटमध्ये उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने तरला आणि आरोग्यसुधारणा मात्र स्वपक्षाचे बहुमत असतानाच बुडाली.

म्हणून मतदानाच्या टक्केवारीवरून नव्या प्रशासनाच्या ताकदीचा अंदाज बांधू नये, असे आमचे मत आहे. त्याऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात: प्रतिनिधिगृहातील बहुमत किती जागांचे आहे, सिनेटमध्ये साठचा आकडा किती दूर आहे (प्रश्न १० पाहावा), आणि अध्यक्षाच्या पक्षाचे किती सदस्य अशा मतदारसंघांतून आले आहेत जेथे अध्यक्ष स्वतः हरला. शेवटची गोष्ट वर्तमानपत्रांत क्वचितच येते.

८. निवडणूक नोव्हेंबरात आणि शपथविधी २० जानेवारीला. मधल्या अडीच महिन्यांत काय चालते?

पूर्वी हा काळ चार महिन्यांचा होता आणि शपथविधी ४ मार्चला होई. १९३२ च्या हिवाळ्यात महामंदी शिगेला पोहोचली असताना मावळते अध्यक्ष हूवर आणि निर्वाचित अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यातील पोकळीत बँकांमागून बँका बुडाल्या. राज्यघटनेच्या विसाव्या दुरुस्तीने ही तारीख अलीकडे आणली आणि १९३७ पासून ती अमलात आली.

डिसेंबरात निर्वाचक आपापल्या राज्यात मते देतात आणि ६ जानेवारीला काँग्रेससमोर त्यांची मोजणी होते. २०२१ मध्ये त्याच दिवशी संसद भवनावर झालेल्या हल्ल्यानंतर २०२२ मध्ये मोजणीचा कायदा सुधारण्यात आला. उपाध्यक्षांची भूमिका केवळ औपचारिक आहे, हे त्यात स्पष्ट करण्यात आले आणि एखाद्या राज्याच्या मतांवर आक्षेप घेण्यासाठी प्रत्येक सभागृहातील किमान एकपंचमांश सदस्यांचा पाठिंबा आवश्यक ठरवण्यात आला. पूर्वी प्रत्येकी एक सदस्य पुरत असे.

दरम्यान सत्तांतराचे काम चालते. १९६३ च्या कायद्याने निर्वाचित अध्यक्षाला कार्यालये, निधी आणि माहिती मिळण्याची व्यवस्था केली आहे. २००० मध्ये निकाल १२ डिसेंबरपर्यंत लांबल्याने नव्या प्रशासनाच्या सुरक्षाविषयक नेमणुका रेंगाळल्या, याची नोंद ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने घेतली. २०२० मध्ये संबंधित सरकारी यंत्रणेने बायडेन यांना मान्यता देण्यास २३ नोव्हेंबर उजाडला. आता पाच दिवसांत कोणी हार मान्य केली नाही, तर दोन्ही उमेदवारांना ही मदत सुरू होते.

९. नवा अध्यक्ष पहिल्याच दिवशी काय काय बदलू शकतो?

कार्यकारी आदेशांनी बरेच काही. ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ या एकाच दिवशी २६ कार्यकारी आदेशांवर सह्या केल्या. अध्यक्ष आधीच्या अध्यक्षाचे आदेश रद्द करू शकतो, आंतरराष्ट्रीय करारांतून बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू करू शकतो, माफी देऊ शकतो आणि खात्यांना प्राधान्यक्रम बदलण्यास सांगू शकतो. पॅरिस हवामान करार हे याचे ठळक उदाहरण आहे: ट्रम्प यांनी अमेरिकेला बाहेर काढले, बायडेन यांनी पहिल्याच दिवशी परत नेण्याचे पाऊल उचलले आणि ट्रम्प यांनी पुन्हा बाहेर काढण्याचा आदेश दिला. एका सहीने आलेली गोष्ट दुसऱ्या सहीने जाते, हा या मार्गाचा मोठा दोष आहे.

आदेशाने नवा कायदा करता येत नाही आणि काँग्रेसने मंजूर न केलेला पैसाही खर्च करता येत नाही. खात्यांचे रीतसर नियम बदलायचे असतील, तर १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार मसुदा प्रसिद्ध करणे, हरकती मागवणे आणि कारणे देणे भाग असते. बालपणी बेकायदा आणल्या गेलेल्या मुलांना संरक्षण देणारा ओबामांचा कार्यक्रम रद्द करण्याचा ट्रम्प यांचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये याच कारणावरून फेटाळला. तो रद्द करण्याचा अधिकार सरकारला नाही, असे न्यायालय म्हणाले नव्हते. पद्धत चुकली, इतकेच म्हटले होते.

१०. दोन्ही सभागृहांत अध्यक्षाच्याच पक्षाचे बहुमत असले, तर अडचण कसली?

सिनेटमधील फिलिबस्टरची. शंभरपैकी साठ सदस्यांनी चर्चा थांबवण्यास संमती दिल्याशिवाय बहुतेक विधेयके मतदानाला येतच नाहीत. अर्थसंकल्पाशी थेट संबंध असलेल्या विधेयकांसाठी मात्र एक वेगळी वाट आहे, जिला साधे बहुमत पुरते. बायडेन यांचे १.९ लाख कोटी डॉलरचे महासाथ मदत विधेयक मार्च २०२१ मध्ये याच वाटेने गेले. ट्रम्प यांचे २०२५ चे करकपातीचे महाविधेयकही त्याच वाटेने गेले; सिनेटमध्ये ५०-५० अशी बरोबरी झाल्यावर उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी निर्णायक मत दिले आणि ४ जुलैला अध्यक्षांची सही झाली. परंतु वार्षिक खर्चाच्या सामान्य विधेयकांना साठ मते लागतात. रिपब्लिकन पक्षाकडे ५३ जागा असूनही ती न मिळाल्याने १ ऑक्टोबर २०२५ पासून सरकारी कामकाज ४३ दिवस ठप्प राहिले. त्या देशाच्या इतिहासातील तोवरची ही सर्वांत दीर्घ टाळेबंदी ठरली.

११. ‘पहिले शंभर दिवस’ या मोजपट्टीला काही अर्थ आहे का?

कमी आहे. ही कल्पना १९३३ मध्ये रूझवेल्ट यांच्या काळात रूढ झाली, जेव्हा बँका बंद होत्या, चारांतला एक कामगार बेकार होता आणि प्रतिनिधिगृहात त्यांच्या पक्षाचे तीनशेहून अधिक सदस्य होते. तशी परिस्थिती त्यानंतर कोणाच्याही वाट्याला आली नाही. ओबामांचा आरोग्यविमा कायदा होण्यास चौदा महिने लागले (२३ मार्च २०१०). तोच कायदा रद्द करण्याचा ट्रम्प यांचा प्रयत्न जुलै २०१७ मध्ये सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ असा पडला आणि निर्णायक विरोधी मत त्यांच्याच पक्षाच्या जॉन मॅकेन यांचे होते. प्रशासन प्रत्यक्षात काय करू शकते, हे पहिल्या अंदाजपत्रकानंतर आणि पहिल्या काही न्यायालयीन निकालांनंतरच कळते, म्हणजे साधारण एका वर्षाने.

१२. मंत्री तर लगेच जाहीर होतात. मग नेमणुकांना उशीर होतो असे का म्हणतात?

मंत्रिमंडळ हे हिमनगाचे टोक आहे. नव्या अध्यक्षाला सुमारे चार हजार राजकीय नेमणुका कराव्या लागतात आणि त्यांपैकी बाराशेच्या वर पदांना सिनेटची मंजुरी लागते. खात्यांचे खरे काम उपमंत्री, सहायक मंत्री आणि राजदूत यांच्या पातळीवर चालते आणि या जागा कित्येक महिने रिकाम्या राहतात. साध्या बहुमताने मंजुरी मिळते, तरी ती गृहीत धरता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये महान्यायवादी पदासाठी सुचवलेल्या मॅट गेट्झ यांना स्वपक्षातील विरोधामुळे आठवडाभरातच माघार घ्यावी लागली. संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांची मंजुरी उपाध्यक्षांच्या मतावर झाली.

१३. दोनच वर्षांत येणाऱ्या मध्यावधी निवडणुकीचा इतका धाक का असतो?

कारण अध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर होणाऱ्या या संसदीय निवडणुकीत त्याचा पक्ष प्रतिनिधिगृहाच्या जागा जवळपास नेहमीच गमावतो. दुसऱ्या महायुद्धानंतर १९९८ आणि २००२ हे दोनच अपवाद आहेत. क्लिंटन यांच्या पक्षाने १९९४ मध्ये ५४, ओबामांच्या पक्षाने २०१० मध्ये ६३ आणि ट्रम्प यांच्या पक्षाने २०१८ मध्ये सुमारे ४० जागा घालवल्या. या निवडणुकीत मतदानही बरेच कमी होते: २०१४ मध्ये ते ३७ टक्क्यांच्या खाली, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नीचांकावर गेले होते, तर २०१८ मध्ये सुमारे ५० टक्के, म्हणजे शंभर वर्षांतील उच्चांकावर पोहोचले. निवडून आलेला अध्यक्ष समाधानी मतदाराला घरी बसवतो आणि नाराज मतदाराला बाहेर काढतो. २०१८ च्या त्या उच्चांकात हे स्पष्ट दिसले. २०२४ च्या निवडणुकीतून प्रतिनिधिगृहात २२० विरुद्ध २१५ असे बळ तयार झाले, त्यामुळे थोड्या जागा हलल्या तरी बहुमत बदलते. त्यापुढील मध्यावधी निवडणुकीचा दिवस ३ नोव्हेंबर २०२६ हा आहे.

१४. नवे प्रशासन आले की एच-१बी आणि ग्रीन कार्डाचे काय होणार, हे सांगता येईल का?

पुणे, मुंबई, नागपूर येथील पालकांकडून हा प्रश्न सर्वाधिक येतो. त्यासाठी कायदा, नियम आणि आदेश असे तीन थर वेगळे करावेत. एच-१बीची वार्षिक मर्यादा (६५ हजार, अधिक अमेरिकेतील उच्च पदवीधरांसाठी २० हजार) आणि ग्रीन कार्डांसाठी प्रत्येक देशाला असलेली सात टक्क्यांची मर्यादा काँग्रेसच्या कायद्यात आहे. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग या दुसऱ्या मर्यादेमुळे लांबते आणि ती कोणत्याही अध्यक्षाला सहीने हलवता येत नाही. ‘आमचा माणूस निवडून आला, आता रांग सरकेल’ ही अपेक्षा त्यामुळे दोन्ही पक्षांच्या बाबतीत फोल ठरली आहे.

नियमांच्या थरात बदल शक्य असतो, पण तो संथ असतो. एच-१बीधारकांच्या काही जोडीदारांना नोकरीची परवानगी देणारा नियम २०१५ मध्ये झाला. ट्रम्प यांच्या पहिल्या प्रशासनाने तो मागे घेण्याचा प्रस्ताव चार वर्षे चालवला आणि तो पूर्ण होण्याआधीच मुदत संपली. आदेशांचा थर मात्र अनपेक्षितपणे धक्का देतो. १९ सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले आणि ते दोनच दिवसांत लागू झाले. जन्मसिद्ध नागरिकत्व मर्यादित करणारा २० जानेवारी २०२५ चा आदेश, ज्याचा फटका एच-१बीधारकांच्या मुलांनाही बसला असता, लागू होण्याआधीच संघराज्याच्या न्यायालयांनी रोखला. एखादी बातमी वाचल्यावर ती यांपैकी कोणत्या थरातील आहे, हे पाहिले की घाबरावे किती, हे ठरवता येते.

१५. माझा भाऊ ग्रीन कार्डावर न्यू जर्सीत राहतो. तो मतदान करू शकतो का? आणि भारतात?

अमेरिकेत नाही. संघराज्याच्या निवडणुकांत केवळ नागरिकच मत देऊ शकतात आणि इतरांनी मत देणे हा १९९६ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यातून हद्दपारीची वेळ येऊ शकते. मेरीलँडमधील टाकोमा पार्कसारखी काही मोजकी गावे स्थानिक निवडणुकीत नागरिक नसलेल्यांनाही मत देऊ देतात. तरीही तशा ठिकाणी राहणाऱ्यांनी वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय नाव नोंदवू नये, कारण नागरिकत्वाच्या अर्जात पूर्वी कधी नोंदणी किंवा मतदान केले होते का, हे विचारले जाते. परवाना काढताना नोंदणीचा कागद नकळत भरला जाणे, हा यातला नेहमीचा धोका आहे.

भारतात त्याला मताधिकार आहे, कारण तो अजून भारताचा नागरिक आहे. पारपत्रावरील भारतातील पत्त्याच्या मतदारसंघात अनिवासी मतदार म्हणून नमुना ६-अ भरून नाव नोंदवता येते. मात्र मतदानासाठी स्वतः केंद्रावर यावे लागते. अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्याच्या दिवसापासून हा अधिकार संपतो आणि ओसीआय कार्डाने तो परत मिळत नाही.

१६. माझी मुलगी अमेरिकेची नागरिक आहे, पण सध्या पुण्यात राहते. तिला मत देता येईल का?

होय. १९८६ च्या कायद्यानुसार परदेशस्थ अमेरिकन नागरिक ज्या राज्यात शेवटचे राहत होते, तेथील मतपत्रिका मागवू शकतात. अमेरिकेत कधीच न राहिलेल्या, पण आईवडिलांमुळे नागरिक झालेल्या मुलांबाबत राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत: काही राज्ये पालकांच्या पत्त्यावर मत देऊ देतात, काही देत नाहीत.

१७. नागरिक असूनही अध्यक्षासाठी मत देता येत नाही, असे कोणी आहे का?

प्वेर्तो रिको, ग्वाम यांसारख्या प्रदेशांतील रहिवाशांना ते देता येत नाही, कारण निर्वाचक राज्यांना मिळतात आणि हे प्रदेश राज्ये नाहीत. तेच नागरिक फ्लोरिडात राहायला गेले की मतदार होतात. राजधानी वॉशिंग्टनला हा अधिकार १९६१ मध्ये घटनादुरुस्तीने मिळाला. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा भोगणाऱ्यांना मेन, व्हरमॉन्ट आणि राजधानी वॉशिंग्टन वगळता तुरुंगातून मत देता येत नाही; सुटल्यानंतरचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. फ्लोरिडात २०१८ च्या सार्वमताने अशा लोकांना अधिकार परत दिला, पण पुढच्याच वर्षी विधिमंडळाने दंड आणि न्यायालयीन शुल्क आधी भरण्याची अट घातली.

१८. निर्वाचक मंडळात २६९-२६९ अशी बरोबरी झाली, किंवा निर्वाचित अध्यक्षाचे शपथेआधीच निधन झाले, तर?

कोणालाच २७० मते न मिळाल्यास निवड प्रतिनिधिगृह करते, पण तेथे प्रत्येक राज्याला एकच मत असते आणि २६ राज्ये जिंकावी लागतात. चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला आणि सहा लाखांच्याही खाली लोकसंख्या असलेल्या वायोमिंगला सारखेच वजन मिळते. उपाध्यक्षाची निवड सिनेट करते, त्यामुळे दोघे वेगवेगळ्या पक्षांचे असू शकतात. अध्यक्षासाठी ही वेळ १८२५ नंतर आलेली नाही. निर्वाचित अध्यक्षाचे निधन झाल्यास विसाव्या दुरुस्तीनुसार निर्वाचित उपाध्यक्ष अध्यक्ष होतो.

१९. अमेरिकेत स्थायिक झालेला मराठी माणूस त्या देशाचा अध्यक्ष होऊ शकतो का?

जन्माने नागरिक असल्यास होऊ शकतो. वय किमान ३५ वर्षे आणि अमेरिकेतील वास्तव्य १४ वर्षांचे हवे. भारतात जन्मून नंतर नागरिकत्व घेतलेल्यांना हे पद आणि उपाध्यक्षपद बंद आहे, बाकी जवळपास सर्व खुले आहे. प्रतिनिधिगृहासाठी सात वर्षांचे आणि सिनेटसाठी नऊ वर्षांचे नागरिकत्व पुरते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून, म्हणजे मुख्यतः डेट्रॉइटमधून, प्रतिनिधिगृहावर निवडून आले आणि २०२४ मध्ये तेथूनच पुन्हा निवडून आले. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेल्या अशा स्थलांतरितांच्या पुढच्या पिढीला मात्र अध्यक्षपदासाठी अशी आडकाठी नाही.